साठी आणि बुद्धी



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ऐकली नाही असा माणूस ह्या मंडपात नसेल. गंमत अशी की, ही एकच म्हण आपण दोन अगदी उलट कामांसाठी वापरतो. घरातले आजोबा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात, तेव्हा ते स्वतःच हसून ती म्हणतात. तेथे ती माफी असते. तेच आजोबा जमिनीच्या वाटणीत मुलाच्या मनाविरुद्ध एखादा शब्द बोलतात, तेव्हा मुलगा ती म्हणतो. तेथे ती काठी असते. एकदा ह्या म्हणीच्या आडोशाने आपण खऱ्या आजाराकडे काणाडोळा करतो, तर एकदा तिच्याच बळावर चांगल्या शहाण्या माणसाला वेड्यात काढतो. तेव्हा आज ह्या म्हणीचीच थोडी तपासणी करावी, असा माझा विचार आहे. उतारवयात बुद्धीचे काय होते, ती कोणत्या क्रमाने बदलते आणि ती सर्वांची सारखीच बदलते काय, असे तीन प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

पहिली गोष्ट 'साठी'ची. १९५१च्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यू फार होते म्हणून हा आकडा इतका खाली दिसतो, हे खरे. तरीही साठी ओलांडणे ही त्या काळी मोठी मजल होती. आज हे आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे, आणि साठीचा माणूस म्हातारा म्हणवून घ्यायलाही तयार नसतो. आयुष्य लांबले, आणि त्याबरोबर एक नवा प्रश्न घरोघरी आला : वाढलेली ही वर्षे बुद्धी शाबूत ठेवून जगता येतील काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांची पहिल्यांदा एक फसगत झाली. ते विशीची, चाळिशीची आणि सत्तरीची माणसे एकाच वेळी तपासून त्यांची तुलना करीत, आणि सत्तरीच्या माणसाला गुण कमी पडले की वयामुळे बुद्धी घटली, असा निष्कर्ष काढीत. १९५६ साली अमेरिकेत सिएटल येथे के. वॉर्नर शाय ह्या मानसशास्त्रज्ञाने वेगळा मार्ग धरला. त्याने तीच माणसे दर सात वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासली. त्यातून असे दिसून आले की, माणसाची त्याच्या स्वतःशी तुलना केली, तर बुद्धीच्या बहुतेक शक्ती साठीपर्यंत बऱ्याच अंशी टिकून असतात. आधीच्या तुलनेत दिसणारी मोठी तफावत वयापेक्षा शिक्षणाची आणि संधीची होती.

हा मुद्दा आपल्या भागाला फार लागू आहे. १९४८पर्यंत आपण निजामी राजवटीत होतो. शाळा थोड्या, त्यात राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. शिवाय मुलींना शाळेत घालणे अनेक घरांच्या ध्यानीमनीही नव्हते. त्या पिढीतल्या, आणि तिच्यामागून लगेच आलेल्या पिढीतल्याही, आयुष्यात पाटी न धरलेल्या एखाद्या आजीला कागदावर घड्याळ काढायला सांगायचे, ते जमले नाही की तिची बुद्धी गेली म्हणायचे, आणि तिच्या बी. ए. झालेल्या नातीशी तिची तुलना करायची, हा न्याय नव्हे. त्या आजीची खरी तुलना एकाच व्यक्तीशी होऊ शकते : चार वर्षांपूर्वीच्या तिच्याशीच. माझ्या आजच्या सर्व बोलण्याचे सूत्र हेच आहे.

आता वयाबरोबर सर्वांचेच जे बदलते, ते पाहू. विचाराचा वेग मंदावतो. माणसाचे नाव ओठांवर येते आणि अडते. ते पुढे दोन तासांनी, भलत्याच वेळी आठवते. एका वेळी दोन कामे सांभाळणे जड जाते. पण शब्दसंपत्ती टिकते, बरेचदा वाढते. अनुभवाने आलेला पोचही टिकतो. नाव उशिरा आठवते खरे, पण ते हरवलेले नसते. ह्याला आजार म्हणू नये.

ह्या नेहमीच्या विसराळूपणात आणि स्मृतिभ्रंशाच्या आजारात एक मधली अवस्था आहे. डॉक्टर तिला 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' म्हणतात. आपण तिला 'सौम्य बोधक्षीणता' म्हणू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रोनाल्ड पीटरसन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९९ साली तिची लक्षणे नीट मांडली. माणसाला स्वतःला किंवा घरच्यांना स्मरणात फरक जाणवतो. तपासणीतही ते त्या वयाच्या मानाने कमी भरते. परंतु बाकीची बुद्धी बहुतांशी ठीक असते आणि रोजचे व्यवहार माणूस स्वतःच करीत असतो. ह्या शेवटच्या अटीत सगळे मर्म आहे. एखादे शेतकरी काका वसमतच्या बाजारात हळद नेतात. अडत्याने दिलेल्या पट्टीवरची हमाली आणि तोलाई वजा करून हाती किती आले, हे ते पूर्वी तोंडी सांगत. आता कागदावर दोनदा मांडतात, पण शेवटी हिशोब बरोबर आणतात. ही सौम्य अवस्था. पट्टी म्हणजे काय आणि आपण बाजारात कशाला आलो हेच कळेनासे झाले, तर तो स्मृतिभ्रंश. दोहोंमधले अंतर पुष्कळ आहे.

ह्या अवस्थेत कोणती शक्ती आधी कमी होते? सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात नवी गोष्ट मनात साठवणे आधी बिघडते. आपल्या शेजारीच नामदेवांचे नरसी आहे; त्या बाजूचे जुने वारकरी आपण सर्वांनी पाहिले आहेत. एखाद्या आबांना शेकडो अभंग पाठ असतात, एका चरणात चूक होत नाही. पण सकाळी घरी कोण येऊन गेले हे त्यांना दुपारी सांगता येत नाही. मग सून म्हणते, "अभंग बरे ध्यानात राहतात, अन् माझा निरोप तेवढा राहत नाही!" तिला वाटते, आबा मुद्दाम करतात. आबा मुद्दाम करीत नाहीत. मेंदूच्या आतल्या बाजूला, कानशिलाच्या पातळीवर, दोहीकडे एकेक लहानसा वळणदार भाग असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला त्याच अर्थाचे 'हिपोकॅम्पस' हे ग्रीक नाव पडले. नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम तो करतो. जुने अभंग कधीच इतरत्र मुरलेले असतात. सकाळचा निरोप मात्र ह्या दारातूनच आत जावयाचा असतो, आणि दारच अरुंद झालेले असते.

पुढे अवस्था वाढली तर दुसऱ्या शक्तींवर परिणाम होऊ लागतो. एका मिनिटात जितकी आठवतील तितकी जनावरांची नावे घ्या म्हटले, तर यादी आखूड होते. अनेक पायऱ्यांच्या कामाचा क्रम चुकतो. ज्या आजीने जन्मभर पुरणपोळ्या केल्या, तिला डाळ शिजवणे येते, कणीक मळणे येते, पण काय आधी आणि काय मागून, ह्यात ती घोटाळते. काही जणांत सुरुवात स्मरणापासून न होता लक्ष, नियोजन किंवा विचाराचा वेग ह्यांपासून होते. रक्तदाबामुळे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्यांत हे विशेष दिसते. म्हणजे 'बुद्धी' ही एकच वस्तू नाही. तिच्या अनेक खोल्या आहेत, आणि सर्व खोल्यांतले दिवे एकदम विझत नाहीत.

आता काळाचा प्रश्न. आपण अशी कल्पना करू की, एका गावात पारावर तीन गृहस्थ बसतात. तिघेही सत्तरीचे. तिघेही तीच गोष्ट पुन्हा सांगतात, औषधाची वेळ चुकवतात, उसने दिलेले पैसे विसरतात. आज तिघांची तपासणी केली तर तिघांनाही एकच नाव द्यावे लागेल. तीन वर्षांनी पुन्हा पारावर जाऊन पाहा. पहिले गृहस्थ स्वतःच्या शेतावरून घरी येण्याची वाट चुकतात, त्यांच्याबरोबर नातू द्यावा लागतो. दुसरे जसे होते तसेच आहेत. तिसरे पुन्हा पूर्वीसारखे झाले आहेत आणि भजनी मंडळाचा हिशोब सांभाळीत आहेत. आरंभी एका जागी उभी असलेली तीन माणसे तीन वाटांनी गेली.

हे कल्पनेतले चित्र झाले. आकडे काय सांगतात? पीटरसन ह्यांच्या १९९९च्या अभ्यासात अशी ७६ माणसे होती. त्यांतील दर शेकडा सुमारे १२ जण दरवर्षी स्मृतिभ्रंशाकडे गेले. त्याच वयाच्या निरोगी माणसांत हे प्रमाण एक ते दोन होते. हा आकडा भीतिदायक आहे खरा. परंतु तो आजारासाठी दवाखान्याची पायरी चढलेल्या माणसांचा होता. घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत हा वेग पुष्कळ कमी आढळतो. २०१८ साली अमेरिकेच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने अनेक पाहण्या एकत्र करून सांगितले की, ६५ वर्षांवरील अशा माणसांपैकी सुमारे १५ टक्के दोन वर्षांत स्मृतिभ्रंशापर्यंत जातात. आणि त्याच अहवालात असेही आहे की, निरनिराळ्या पाहण्यांत १४ पासून ५५ टक्क्यांपर्यंत माणसे पुन्हा नेहमीच्या स्थितीत आलेली दिसली. अशा परत आलेल्यांना पुढे धोका अजिबात नसतो असे नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवावेच लागते. तथापि सौम्य बोधक्षीणता म्हणजे स्मृतिभ्रंशाचे बोलावणेच, ही समजूत चुकीची ठरते.

तिसरे गृहस्थ परत कसे आले? अशा प्रकरणांची कारणे बहुधा साधी असतात. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव असते. ती स्मरणावर उतरते आणि वेळेवर इंजेक्शने दिली तर बरीचशी भरून निघते. थायरॉइडची ग्रंथी मंदावली तरी बुद्धी मंद दिसते. पत्नी गेल्यावर माणूस खचतो, कशातच लक्ष घालत नाही. ते दुःख असते, आपल्याला मात्र विसरभोळेपणा वाटतो. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या म्हाताऱ्यांच्या मेंदूवर झापड आणतात. दारूचे तर सांगायलाच नको. आणि कित्येकदा माणसाने निरोप विसरलेला नसतो, तो त्याला मुळात ऐकूच आलेला नसतो. "माय, सकाळीच सांगितलं होतं की तुला," असे आपण ओरडतो, तेव्हा आधी मायच्या कानांची चौकशी करावी. म्हणून माझा आग्रह असा की, विसर पडू लागला की प्रथम जिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्त, रक्तदाब, साखर, कान आणि डोळे तपासून घ्यावेत. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून बरोबर न्याव्यात.

बुद्धीची तपासणीही आपल्या माणसाला साजेशी हवी. हरियाणातील बल्लभगड भागातल्या निरक्षर खेडुतांसाठी मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक परीक्षा तयार केली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध केली. मूळ परीक्षेत कागदावरचे 'डोळे मिटा' हे वाक्य वाचून तसे करावयाचे असते. येथे परीक्षक म्हणतो, माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा, आणि स्वतः डोळे मिटतो. एक वाक्य लिहून दाखवा ह्याऐवजी, आपल्या घराविषयी काही सांगा, असे विचारतात. अक्षर न येणे आणि अक्कल नसणे ह्यांतला फरक ह्या परीक्षेने ओळखला. पुढे साऱ्या देशात अशा परीक्षांवर आधारलेली एक मोठी पाहणी झाली. २०२३ साली तिच्यावरून असा अंदाज प्रसिद्ध झाला की, भारतात साठीवरील शंभरांत सात जणांहून थोड्या अधिकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. तो शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आहे. अर्थात उरलेल्या ब्याण्णव जणांना तो नाही, हेही ह्याच आकड्यात आले. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण बहुसंख्यांच्या बाबतीत खोटी आहे, हे येथे सिद्ध होते.

डॉक्टर वर्षातून एकदा पाहील. घरचे रोज पाहतात. म्हणून घरच्यांनी एक साधी वही ठेवावी, असे मी सुचवतो. वर्षातून दोनदा, पाडव्याला आणि दसऱ्याला, तिच्यात चार ओळी लिहाव्यात. आपल्या हिंगोलीचा दसरा तर कोणी विसरू म्हटले तरी विसरणार नाही! पैशाचा हिशोब बरोबर येतो काय? औषधे आपली आपण घेतात काय? ओळखीची वाट चुकतात काय? एकच प्रश्न तासाभरात किती वेळा विचारतात? नेहमीच्या कामाचा क्रम जुळतो काय? एका नोंदीला फारसा अर्थ नाही. चार नोंदी एकाखाली एक आल्या म्हणजे आपले माणूस पारावरच्या कोणत्या गृहस्थाच्या वाटेने चालले आहे, ते दिसू लागते. शाय ह्याने सिएटलमध्ये जे केले, तेच आपण आपल्या ओसरीवर करावयाचे.

ह्यावर उपाय काय, असे आपण विचाराल. आणि हळदीच्या मुलखात बोलतो आहे, तेव्हा हळदीने स्मरण सुधारते काय, हा प्रश्न तर येणारच. हळदीतल्या करक्युमिनवर प्रयोग झाले आहेत. २०१८ साली कॅलिफोर्नियात सुमारे ४० जणांवर केलेल्या एका प्रयोगात विशेष बनवलेल्या करक्युमिनने स्मरणात थोडी सुधारणा दिसली. पण स्मृतिभ्रंश झालेल्यांवरच्या आधीच्या प्रयोगांत लाभ दिसला नव्हता. शिवाय साधी हळद रक्तात फारच थोडी उतरते. तेव्हा हळद भाजीत घालावी, बाजारात चांगल्या भावाने विकावी. तिच्यावर विसंबून रक्तदाबाची गोळी मात्र सोडू नये.

कारण रक्तदाबाचा पुरावा अधिक भक्कम आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ९,००० हून अधिक माणसांवरच्या एका अमेरिकन प्रयोगात, वरचा रक्तदाब १२०च्या आत आणण्याचा प्रयत्न केलेल्या गटात सौम्य बोधक्षीणतेचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळले. तो कोणाचा किती खाली आणावा, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. २०२३च्या दुसऱ्या एका प्रयोगात, ज्यांना मुळात धोका जास्त होता अशा वृद्धांना श्रवणयंत्रे दिली, तेव्हा तीन वर्षांतली बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. चष्मा लावायला आपण लाजत नाही, मग कानातल्या यंत्राला का लाजावे? आठवड्यातून निदान दोनदा अंगाला घाम येईल असा व्यायाम करावा, असे २०१८चा तो अहवाल सांगतो. मेंदूतील 'अमायलॉइड' ह्या प्रथिनाचा साठा हटवणारी नवी औषधे २०२३ पासून अमेरिकेत मान्य झाली आहेत. ती घसरण थोडी मंद करतात, थांबवीत नाहीत. शिवाय ती फार महाग आहेत, आणि त्यांनी मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

आणखी एक शोध आपल्याला आवडेल असा आहे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती २०१३ साली प्रसिद्ध केली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता, आणि निरक्षरांतही तसेच दिसले. सर्वच अभ्यासांनी ह्याला दुजोरा दिलेला नाही. परंतु घरी मराठी, बाजारात हिंदी-उर्दू आणि तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या आपल्या माणसांना कोणी अडाणी म्हणू लागले, तर त्याला हे अवश्य सांगावे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो डॉक्टरांच्या हातचा नाही. कमरेच्या किल्ल्या केव्हा काढून घ्यावयाच्या? आपण येथे दोन्ही बाजूंनी चुकतो. दोन वेळा विसर पडला की आजोबांना बाजारात पाठवणे बंद, आजीला चुलीपाशी जायला बंदी. मग रिकाम्या हातांबरोबर मनही रिकामे पडते. उलट विसर पुष्कळ वाढला, तरी बँकेचे पुस्तक त्यांच्याचकडे राहते, आणि एखाद्या दिवशी कोणीतरी गोड बोलून कागदावर अंगठा घेऊन जातो. सौम्य अवस्थेतला माणूस निर्णय घेऊ शकतो. त्याला फक्त वेळ हवा असतो. ते कागद करण्याचा हाच काळ आहे. मृत्युपत्र असो की वाटणीपत्र, ते वडिलांनी स्वतः, समजून, सर्व मुलांमुलींच्या देखत आणि वकिलाच्या सल्ल्याने करावे. वृत्तीच्या शाबूतपणाविषयी डॉक्टरांचा दाखला जोडावा. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन लिहून द्यावयाची असेल, तर ती अट कागदावर स्पष्ट आलीच पाहिजे. कारण अशी अट मोडली गेली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते हस्तांतर रद्द करून मागता येते. आणि ज्या वडिलांनी आज दोन गोष्टी विसरल्या, त्यांचा तिसऱ्या गोष्टीविषयीचा शब्द त्या कारणाने खोटा ठरत नाही, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

आज घरी गेल्यावर आपल्यातले काही जण आपल्या वडीलधाऱ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतील, काही जण स्वतःकडेही पाहतील. पाहावे, पण घाबरून नव्हे. कान तपासावेत, रक्तदाब मोजावा, वहीत पहिली नोंद करावी, आणि दसऱ्याला दुसरी करण्यास विसरू नये.